मायक्रोवेव्हवरचे देव

देव मायक्रोवेव्हवर होते.

*

पाहुण्यांसाठी, नियम तिसरा: बुकिंगमध्ये दाखवलेल्या माणसांखेरीज कोणालाही घरात आणू नये. नुसतं भेटायलासुद्धा.

*

जयंतीभाईंची प्लास्टिकची खुर्ची लिफ्टसमोर असते. आधी ती गेटपाशी होती. तिथून फक्त गाड्या दिसायच्या.

*

नारळ खवायला विळी लागते. काटेचमचे कितीही असले तरी उपयोग नाही.

*

दहिसरच्या खोलीत अक्षता एकदा पंख्याखाली झोपून गेली होती. जाग आली तेव्हा अंगावर कुणीतरी चादर घातलेली होती. हे तिने घरी सांगितलं नाही.

*

वहिनी दार उघडते तेव्हा आधी बॅगेकडे बघते. मग माणसाकडे.

*

गाऱ्हाणं घालताना देवाला पत्ता सांगावा लागतो. कोण उभं आहे, कुणाच्या घरात उभं आहे. पत्ता चुकला तर पुढचं मागणं पोचत नाही. भाऊ परबांना हे त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं, आणि त्यांना त्यांच्या.

*

नाहूरचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या. त्यातली एक खोली शुक्रवार ते सोमवार कुलूपबंद, कारण त्या कुलपामागे रेवती दिघेचा सगळा संसार कोंबलेला असतो: कपडे, कागदपत्रं, शिलाई मशीन, आईचा फोटो, प्रेशर कुकर.

घटस्फोटानंतर हा फ्लॅट तिला धवलभाई गालांनी राहायला दिला. जुन्या ऑफिसातली ओळख. धवलभाई मस्कतला असतात. बंद घरापेक्षा माणूस राहिलेलं बरं, म्हणून भाडं त्यांनी कमीच लावलं आणि कधी वाढवलं नाही. पुढे रेवतीची नोकरी गेली. तिने भिंतीवरची कॅलेंडरं काढली, प्लास्टिकची रोपं आणली, फोटो काढले आणि फ्लॅट एका अॅपवर टाकला. शुक्रवारी पाहुणे येतात, ती बॅग उचलून चेंबूरला भावाकडे जाते. सोमवारी येते, चादरी बदलते, खोलीचं कुलूप काढते आणि परत राहायला लागते.

धवलभाईंना यातलं काही माहीत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी जयंतीभाई यांना ती सांगते, माझे नातेवाईक आहेत.

"दर शनिवारी नवा मामा," जयंतीभाई मागे एकदा म्हणाले होते. "तुमच्या आईला भाऊ तरी किती, रेवतीबेन?"

आणि मग हसणं बंद करून: "आता परत गर्दी झाली, आवाज झाला, तर मी धवलभाईला फोन करणार. डायरेक्ट."

फोन गेला की फ्लॅट गेला. फ्लॅट गेला की चेंबूर, आणि मग बॅगेकडे बघणारी वहिनी कायमची.

*

बुकिंग तीन माणसांचं होतं. भाऊ परब, त्यांची बायको मालन, मुलगा नितेश. राहणार दहिसर. दहिसरची माणसं नाहूरला सुट्टीला का येतील, हा प्रश्न रेवतीला तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही. मे महिन्यात कॅलेंडर रिकामं असताना माणूस प्रश्न विचारत नाही.

*

दारावर कॅमेरा आहे. चेंबूरला चहा पिता पिता रेवतीने फोनवर तो उघडला.

एक म्हातारा, हातात नारळ. त्याच्यामागे जांभळी साडी आणि त्या साडीच्या आत एक रागीट बाई. मग दोन पुरुष. मग बायका. मग मिठाईचे डबे. मग एक मुलगी, जिने सँडल काढताना मान वर करून सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. मग मुलं. मग अजून एक म्हातारी, जिला दोघींनी धरलेलं. मग रेवतीने मोजायचं सोडून दिलं.

दाराबाहेर चपलांचा ढीग झाला. एक चप्पल घरंगळत लिफ्टपर्यंत गेली.

फोन वाजला. जयंतीभाई.

"रेवतीबेन, तुमच्या सगळ्या मामांनी आज मीटिंग ठेवली आहे काय?"

*

"मी आत जाते आणि सगळ्यांना काढते," खाली पोचल्यावर ती जयंतीभाईंना म्हणाली. रिक्षातून उतरताना ओढणी दारात अडकून टरकली होती.

"काढा ने. मी कुठे नाही म्हणतो?" जयंतीभाई खुर्चीतून उठले नाहीत. "मी इथे बसतो. आवाज खालपर्यंत आला तर मी वर येतो. फोन माझ्या खिशात आहे. धवलभाईचा नंबर वरती ठेवला आहे, पहिला."

म्हणजे काढायचं, पण भांडण ऐकू येता कामा नये. रेवतीने लिफ्टच्या आरशात चेहरा बघितला आणि ओठ मिटून घेतले.

*

नियम सातवा: मोठा आवाज करू नये. इमारतीत सभ्य कुटुंबं राहतात.

*

दार मालनने उघडलं. ठेंगणी, पन्नाशीची, नवी साडी, कपाळावर घाम. अॅपवरच्या फोटोतली बाई ओळखून क्षणभर तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मग ती मोठ्याने, हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली:

"अगोबाई, या ना ताई! ह्या आमच्या समोरच्या ताई. हळदीकुंकवाला असतात नेहमी."

आणि रेवतीचा दंड असा धरला की चिमटाच बसला.

हॉलमध्ये सोफ्यावर, सोफ्याच्या दांड्यांवर, जमिनीवर, खिडकीच्या कट्ट्यावर माणसं. सगळ्यांनी रेवतीला नमस्कार केला. तिच्याच कपबश्यांतून ते चहा पीत होते. पांढऱ्या उशीला एक पोरगं तोंड पुसत होतं. शर्टाच्या बाह्या नीट दुमडलेला एक मुलगा खिडकीपाशी उभा राहून बाहेरचं काहीतरी निरखत होता. तो नितेश.

"आत या ताई, पोहे बघा झालेत का," मालन म्हणाली आणि तिला ओढत स्वयंपाकघरात घेऊन गेली.

*

तिथे देव मायक्रोवेव्हवर होते. पितळी गणपती, अन्नपूर्णा, एका पाटावर लाल कापडात कुलदेवतेचा टाक. केळ्यात खोचलेली उदबत्ती. राख मायक्रोवेव्हच्या बटणांवर पडत होती.

"हे काय आहे?" रेवती कुजबुजली.

"देव."

"मायक्रोवेव्हवर?"

"मग कुठे ठेवू? तुमच्या घरात देवघर नाही. सगळीकडे नुसती खोटी झाडं."

"किती माणसं आणलीत तुम्ही?"

"माणसं मोजू नयेत हो. नजर लागते."

"तीन सांगितली होती. तीन!"

"तीन राहायला. ही कुठे राहायला आलीत? घर बघायला आलीत."

"कुणाचं घर?"

मालनने कढईतले पोहे परतले. उत्तर द्यायला तिला झारा लागला.

"माझ्या नितेशचं."

*

घर बघणं ही शेवटची पायरी. मुलगी पाहिली, मुलगा पाहिला, पत्रिका जमली, मानपान ठरला. मग मुलीकडचे एकदा येऊन मुलाचं घर बघतात. चहा पितात, भिंतीवर हात फिरवतात, नळ सोडून बघतात. मुलीची आत्या स्वयंपाकघरात जाते. ती काय बघते ते कुणी विचारत नाही.

हे मुलीकडचे घाटकोपरचे. मुलगी अक्षता. म्हातारा तिचा आजोबा, दशरथ, गिरणीतून निवृत्त व्हायच्या आधीच गिरणी निवृत्त झालेला. जांभळी साडी म्हणजे जया आत्या.

*

"ती बघा बिल्डिंग," मालन खिडकीतून बोट दाखवत म्हणाली. रुळांपलीकडे एक उंच सांगाडा उभा होता, वर हिरवी जाळी फाटून लोंबत होती. "सातव्या मजल्यावर आमचा फ्लॅट. बुक केलाय. बिल्डर म्हणतो पुढच्या दिवाळीला. दर दिवाळीला म्हणतो. जुळवताना ह्यांच्या तोंडून निघून गेलं, नितेशचा नाहूरला फ्लॅट आहे. आहेच ना? फक्त भिंती नाहीत."

"मग हे त्यांना सांगा."

"आणि दहिसरची एक खोली दाखवू? त्या आत्याला? उंबऱ्यातूनच परत गेली असती."

"तो तुमचा प्रश्न. दहा मिनिटांत सगळे बाहेर पाहिजेत."

"एक तास."

"मी पोलीस बोलवीन."

"बोलवा. अजून चार माणसं वाढतील."

रेवतीने ओटा दोन्ही हातांनी घट्ट धरला. ओरडायचं नव्हतं. खाली खुर्ची होती, खुर्चीत जयंतीभाई होते, खिशात मस्कत होतं.

"हे माझं घर आहे," ती दातांतून म्हणाली. "माझं. कळतंय? तुम्ही माझ्या घरात चोरासारख्या..."

"पैसे भरलेत."

"तिघांचे!"

"मग बाकीच्यांचे पोहे तुम्ही खा आणि फिटवून घ्या," मालन म्हणाली आणि लिंबू चिरायला लागली.

*

नियम अकरावा: घरातल्या वस्तूंची गैरसोय वाटल्यास यजमानांना कळवावे. आपला आनंद हीच आमची पावती.

*

जया आत्या आली तेव्हा तिच्या हातात फोडलेला नारळ होता. तिने तो घाटकोपरहून पोह्यांसाठी आणला होता, की दुसऱ्या कशासाठी, देव जाणे.

"विळी खय आसा गो? दी, मी खवतंय. तुझे हात भरलेत."

मालनचा झारा थांबला. "विळी ना, धार लावायला दिलीय."

"बरां. सुरी दी." आत्याने खण ओढला. काटे. चमचे. वाइनची बाटली उघडायचं यंत्र. तिने ते दोन बोटांनी उचललं, दिव्यापुढे धरलं, परत ठेवलं. दुसरा खण ओढला. त्यात कागदी पुड्या होत्या, एकसारख्या, नखाएवढ्या.

"ह्यां काय?"

"साखर."

"साखर पुडीत? आणि मीठ?"

"तेही."

"औषधासारखां?"

"नितेश ऑफिसातून आणतो," मालन म्हणाली. म्हणाली आणि तिचं तिलाच कळलं.

"चोरून?"

आत्या रेवतीकडे वळली. "तुमी शेजारी. तुमीच सांगा. ह्या घरात कधी विळी बघितलास?"

रेवतीला त्या क्षणी वाटलं की हे किती सोपं आहे. आवाज चढवायला नको, पोलीस नकोत. मुलीकडचे रागावून उठले की घर आपोआप रिकामं. एक वाक्य पुरे. ते तिने गोड आवाजात, मालनच्या डोळ्यांत बघत म्हटलं:

"विळी? छे. ह्या घरात नारळ खवलेला मी कधीच पाहिला नाही."

मालनने झारा कढईत टाकला. पोह्याचा एक दाणा उडून गणपतीच्या सोंडेला चिकटला.

*

जया आत्या हॉलमध्ये गेली आणि बापाच्या कानाशी वाकली. रेवती वाट पाहत राहिली. आता उठतील. आता चपला घालतील.

दशरथ उठले खरे. पण दाराकडे न जाता ते स्वयंपाकघरात आले. देवांसमोर उभे राहिले. टोपी सारखी केली. उदबत्तीची राख बोटाने पुसली.

"देव पेटयेर?" ते मायक्रोवेव्हच्या खोक्याकडे बघत म्हणाले.



"भाऊ!"

भाऊ परब आले. उंच, वाकलेला माणूस. सकाळपासून तो हॉलच्या कोपऱ्यात उभा होता आणि विचारल्याशिवाय एक शब्द बोलला नव्हता.

दशरथांनी हातातला नारळ, शेंडीवाला, अख्खा, मायक्रोवेव्हवर टाकासमोर ठेवला.

"गाऱ्हाणां घाल."

"आजोबा, आधी पोहे घ्या, गार होतील," मालन म्हणाली.

"पोहे गार होवंदेत. भाऊ, तू दहिसराक कोणाच्याय घरात पूजा आसली की गाऱ्हाणां घालतंस, माका म्हायती आसा. आज तुझ्या घरात घाल. माणूस माणसाकडे काय पण बोलता. नारळाकडे बोल."

*

भाऊंनी आयुष्यात गाऱ्हाण्यात एक खोटा शब्द घातला नव्हता. गाऱ्हाण्याबाहेर घातला होता. चार महिने घालत होते.

*

सगळे उठून उभे राहिले. म्हातारीला दोघींनी उभं केलं. पोरांच्या हातातले बिस्किटांचे पुडे काढून घेतले. स्वयंपाकघरात मावेनात म्हणून माणसं दारातून हॉलपर्यंत पसरली, आणि रेवती त्यांच्या मधोमध, फ्रिज आणि एका अनोळखी काकांच्या पोटाच्या मध्ये अडकली.

भाऊंनी हात जोडले. त्यांचा आवाज बदलला. वाकलेला माणूस सरळ झाला.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळं घर एकदम म्हणालं. कपाटातले ग्लास किणकिणले.

"हळू!" रेवती म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही.

"आज ह्या ठिकाणाक, ह्या नाहुरात, तुझी लेकरां एकठय जमली हत म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"परबांच्या झिलाक घाटकोपरच्या चेडवाची सोयरीक करूची म्हणान पावणे इलेत म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

खाली लिफ्टचं दार आपटलं. रेवतीला ते ऐकू आलं. बहुतेक तिला एकटीलाच.

"ह्या वास्तूच्या..." भाऊ म्हणाले.

आणि थांबले.

मालनने डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते, ती नवऱ्याला मनातल्या मनात शब्द पुरवत होती: आमच्या, म्हणा, आमच्या. नितेशने खिडकीची चौकट धरली.

"ह्या वास्तूची मालकीण," भाऊंनी मान वळवली आणि फ्रिजपाशी पाहिलं, "रेवतीबाई दिघे, ती हय उभी आसा म्हाराजा."

"होय म्हाराजा!" सगळं घर सवयीने म्हणालं.

रेवतीसुद्धा म्हणाली. मालकीण. कुणी तिला तसं कधी म्हटलं नव्हतं, आणि इथे देवासमोर, नारळ ठेवून, इतक्या माणसांच्या साक्षीने म्हणत होते. होय तिच्या तोंडून निघून गेलं. इतरांपेक्षा जरा मोठ्यानेच.

"आमी तिच्या घरात दोन दिसांचे भाडोत्री म्हाराजा. आमचां घर दहिसराक, न्हंयच्या काठार, एक खोली म्हाराजा. जां काय चुकला..."

या वेळी होय म्हाराजा आलं नाही.

*

"भाडोत्री?" जया आत्या.

"भाडोत्री," एक काका दुसऱ्या काकांना म्हणाले.

"पुड्या!" आत्या ओरडली. "तरीच म्हटलां पुड्या कसल्यो! तरीच विळी नाय! खोटारडी माणसां! चेडवाक काय ह्या हॉटेलात नांदूक धाडतलंव?"

"मी सांगत होतो आईला," नितेश म्हणाला.

"तू गप रे!" मालन.

"काय सांगत होतंस? माका सांगितलंस?" आत्याने बोट त्याच्या छातीवर टेकवलं. "बिस्किटां खातंस, चाय पितंस, आणि..."

"आत्ये," अक्षता म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलली. "माका म्हायती होता."

"काय म्हायती होता?"

"दहिसरची खोली. मी बघितलंय. चांगली आसा. वारो येता."

आत्याने तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या साडीकडे पाहिलं.

"तुका म्हायती होता, आणि सकाळी सहा वाजल्यापासून माका ही पैठणी नेसवून बसवलंस?"

भाऊ अजून हात जोडून उभे होते. गाऱ्हाणं अर्धवट होतं. अर्धवट गाऱ्हाण्यातून हात खाली घेता येत नाहीत. ते दशरथांना म्हणाले, "मी खरां बोललंय, आजोबा. देवासमोर खरां बोललंय."

"देवाक खरां," दशरथ म्हणाले. "आमका चार महिने खोटां. म्हणजे आमी कोण रे, भाऊ? देवापेक्षा आमची किंमत किती कमी लावलंस?"

 

*

"मालकीण?" दारातून कोणीतरी म्हणालं.

जयंतीभाई उंबऱ्यात उभे होते. एका हातात फोन, दुसऱ्या हातात लिफ्टपर्यंत घरंगळलेली ती चप्पल.

"रेवतीबेन मालकीण? कधीपासून? मालक तर धवलभाई आहे. धवल प्रेमजी गाला. तुम्ही भाडूत आहात ने? सगळे होय होय करत होते, त्यात तुमचा पण आवाज होता. मी ऐकला. लिफ्टमधून ऐकला."

हॉल वळला. सगळे डोळे फ्रिजकडे.

मालन हसली. हसणं नव्हतंच ते खरं तर, पोहे ढवळताना घशात अडकलेलं काहीतरी बाहेर आलं.

"म्हणजे ताई, तुमचं पण नाही?"

"मी भाडं देते. दर महिन्याला."

"आम्ही पण दिलं. दोन दिवसांचं." मालन एक पाऊल पुढे आली. "चोरासारख्या म्हणालात ना मला? माझं घर, माझं घर म्हणत ओटा धरून उभ्या होतात. ओटा कुणाचा हो?"

"मी तुमच्यासारखं लग्न नाही लावलं फसवून."

"नाही. तुम्ही विळी नाही म्हणून सांगितलंत. गोड बोलून."

"तुम्ही माणसं भरलीत माझ्या..."

"माझ्या?"



*

नियम पहिला: या घराला आपलंच घर समजा.

*

या सगळ्या वेळात दशरथ नारळाकडे बघत होते. आता त्यांनी हात वर केला. गिरणीत भोंगा झाल्यावर जशी खाती थांबत असतील तसा सगळा आवाज थांबला.

"गाऱ्हाणां चुकलां."

"आबा, चला आता," आत्या म्हणाली. "गाऱ्हाण्याचां काय घेऊन बसलास?"

"नारळ ठेवलोय. मालकाचां नाव चुकीचां घातलां. देव भलत्याच दारार जाऊन उभो रवलोहा. असो सोडून जाऊक येना नाय. भाऊ, परत घाल." मग जयंतीभाईंकडे वळून: "शेटजी, मालकाचां पुरां नाव सांगा."

जयंतीभाई गोंधळले. त्यांनी हातातली चप्पल खाली ठेवली आणि, का कोण जाणे, स्वतःच्याही काढल्या. "धवल प्रेमजी गाला. मूळ कच्छ. आता मस्कत."

"मस्कत खय इला?"

"समुद्राच्या त्या बाजूला."

"बरां. भाऊ, ऐकलंस?"

आणि भाऊंनी परत घातलं. पहिल्यापासून. जया आत्या पदर खोचून, जबडा आवळून उभी होती. मालन रडत नव्हती पण तिचं नाक लाल झालं होतं. अक्षता आणि नितेश खोलीच्या दोन टोकांना होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते.

"ह्या वास्तूचो मालक धवल प्रेमजी गाला, समुद्रापलीकडे मस्कताक आसा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या वेळी कुणाच्याही आवाजात गोडवा नव्हता. पण कुणी गप्पही राहिलं नाही. राहण्याची हिंमत कुणात नव्हती. जयंतीभाईसुद्धा म्हणाले, एक क्षण उशिरा.

"तेची भाडोत्री रेवतीबाई, आणि तिचे भाडोत्री आमी म्हाराजा! आमी सगळेच दुसऱ्याच्या वास्तूत उभे आसव म्हाराजा! कोणीच कोणाक खरां सांगूक नाय, ती चूक पदरात घे, आणि वाकडी वाट सरळ कर म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

वाट सरळ झाली ती फक्त दारापर्यंतची. दशरथांनी नारळ उचलला नाही, फोडला नाही, तिथेच ठेवला. "लग्नाचां आमी कळवू," ते म्हणाले, आणि ज्या आवाजात म्हणाले त्यात कळवणं नव्हतं. मिठाईचे डबे जया आत्याने एकेक करून परत उचलले. वरचा उघडलेला होता, त्यातला खाल्लेला पेढाही तिने मोजल्यासारखा बघितला. अक्षता सगळ्यात शेवटी निघाली. सँडल घालताना तिने पुन्हा वर कॅमेऱ्यात पाहिलं. आत नितेश खिडकीपाशीच होता, रुळांपलीकडच्या सातव्या मजल्याकडे बघत. तिथे भिंती नव्हत्या, त्यामुळे आरपार आकाश दिसत होतं.

*

चपला कमी कमी होत गेल्या. शेवटी रेवतीचे आणि जयंतीभाईंचे सोडून तीन जोड उरले, बुकिंगमध्ये सांगितले होते तेवढे.

मालन देव आवरत होती. गणपतीच्या सोंडेचा पोह्याचा दाणा तिने नखाने काढला. "आमची उद्या सकाळपर्यंत आहे खोली," ती रेवतीकडे न बघता म्हणाली. "आम्ही थांबणार. पैसे भरलेत."

"थांबा," रेवती म्हणाली. "मला काय त्याचं?"

"नारळ तुमच्याकडेच राहू दे. विळी घ्या एखादी."

जयंतीभाई हॉलच्या मध्यभागी उभे होते, अनवाणी, कानाला फोन. ते गुजरातीत भराभर बोलत होते. रेवतीला शब्द कळत होते. लग्न. नारळ. अॅप. दर शनिवारी. मामा. मग ते थांबले, ऐकलं, आणि त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद होता, पण जयंतीभाईंना तो कसा धरायचा ते कळत नव्हतं.

"बोला. विचारतात."

तिने फोन घेतला. मस्कतहून आवाज अगदी जवळून आला. धवलभाई रागावले की आवाज खाली नेतात, हे तिला ऑफिसातल्या दिवसांपासून माहीत होतं.

"रेवती, मला बाकी काही सांगू नकोस. आत्ता, या मिनिटाला, माझ्या घरात किती माणसं आहेत?"

तिने पाहिलं. भाऊ जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते, हात अजून मांडीवर जोडलेले. मालन लाल कापडाची गाठ मारत होती. नितेश. जयंतीभाई. कुलूपबंद खोलीचं दार. पांढऱ्या उशीवर बिस्किटाचा डाग. तिने तोंड उघडलं.

*

फ्लॅटची किल्ली देताना धवलभाईंनी एकच प्रश्न विचारला होता, राहणार किती जण? रेवतीने सांगितलं होतं, एक.